पीसफुल गल्चमध्ये भूत कसे शिरले?

नोव्हेंबर १९४३ मध्ये ‘फोनी एक्स्प्रेस’ पडद्यावर आला, तेव्हा पीसफुल गल्च या गावात भूत नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये ‘मेरी मॅव्हरिक्स’ आला, तेव्हा त्याच नावाच्या गावात, त्याच दरोडेखोर रेड मॉर्गनच्या टोळीच्या शेजाराला, मुंडके नसलेले एक भूत मुक्कामाला आलेले होते. दोन्ही लघुपट कोलंबिया पिक्चर्सचे, दोन्हींत ‘थ्री स्टूजेस’ हे त्रिकूट. मग मधल्या आठ वर्षांत हे भूत आणले कोणी, आणि कशासाठी?

सुदैवाने मुख्य पुरावा शाबूत आहे. दोन्ही चित्रपट आज पाहता येतात. दोन खिडक्या उघडून ते शेजारी शेजारी लावले, की कथेचा सांगाडा एकच असल्याचे लगेच दिसते. तीन भणंग उडाणटप्पू गावात येतात. दरोडेखोरांनी जेरीस आणलेल्या गावात वर्तमानपत्राचा संपादक त्यांना नामांकित मार्शल म्हणून छापून टाकतो. टोळीला धाक बसावा, एवढाच त्याचा हेतू. धाक अर्थातच फार टिकत नाही. इथवर नवी प्रत जुनीवरून उतरवलेली. वाटा फुटतात त्या पुढे. १९४३ चा शेवट काऊबॉयपटाच्या रीतीने टोळीशी सरळ झटापटीत होतो. १९५१ मध्ये पैशांची राखण करायला तिघे एका पडक्या घरात जाऊन बसतात, आणि त्या घरात म्हणे एका ‘इंडियन’ सरदाराचे धडच तेवढे फिरते.

पहिला प्रश्न फुटेजचा. जुनी दृश्ये नव्या चित्रपटात चिकटवणे हा कोलंबियाच्या लघुपट विभागाचा नित्याचा उद्योग होता. ‘मेरी मॅव्हरिक्स’मध्ये मात्र जुने तुकडे अगदी थोडे आहेत. कारण शोधायला पात्रयादी पुरेशी आहे. ‘फोनी एक्स्प्रेस’मध्ये मो आणि लॅरी यांच्यासोबत तिसरा होता कर्ली. ६ मे १९४६ रोजी ‘हाफ-विट्स हॉलिडे’च्या चित्रीकरणातच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच्या जागी त्याचाच थोरला भाऊ शेंप आला. जुना रेड मॉर्गन, म्हणजे बड जेमिसन, तर १९४४ मध्येच वारला होता. नवा मॉर्गन डॉन हार्वी. नायकांपैकी एक आणि खलनायक, दोघांचेही चेहरे बदललेले. ज्या दृश्यात या दोघांपैकी कोणी ओळखू येते, ते दृश्य निकामी. म्हणजे नवे चित्रण अटळच होते. मग नवेच करायचे तर शेवट जुनाच कशाला ठेवायचा, असा विचार झाला असावा. हा माझा तर्क आहे, पण पात्रयादी त्याच्या बाजूने उभी आहे.

दुसरा धागा एडवर्ड बर्न्ड्स. १९५१ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक तोच आणि लेखकही तोच. फ्रँक काप्राच्या चित्रपटांचे ध्वनिमुद्रण करता करता तो दिग्दर्शनाकडे आला. १९४८ मध्ये त्याने ‘द हॉट स्कॉट्स’मध्ये शेंपला स्कॉटलंडच्या किल्ल्यात रात्रभर भेदरवले होते. शेंपचे भेदरणे हे भांडवल आहे, हे त्याला तेव्हाच कळले असणार. कर्ली भ्यायला की उसळायचा, भुंकायचा, जमिनीवर गरगर फिरायचा. त्याला मोकळे मैदान लागे. शेंपचे भय चेहऱ्यावर आणि घशात होते: ओठ थरथरायचे, तुटक किंकाळ्या निघायच्या, लांब केस कपाळावर उतरायचे. अशा नटाला अंधारी खोली आणि मागे करकरणारे दार दिले की अर्धे काम झाले. शेंप प्रत्यक्षातही भित्रा होता, मोटार चालवायलाही धजत नसे, अशा आठवणी सांगितल्या जातात. त्या आठवणीच आहेत, पुरावा म्हणून त्या मी दुसऱ्या रांगेत बसवतो. पडद्यावरचा शेंप पहिल्या रांगेत.

भूत मात्र बर्न्ड्सने शून्यातून काढलेले नाही. बस्टर कीटनचा ‘द हाँटेड हाऊस’ १९२१ चा. त्यात बँक आहे, नोटांना चिकटलेला डिंक आहे, पायरीवर पाय ठेवताच घसरगुंडी होणारा जिना आहे, आणि पोलिसांनी फिरकू नये म्हणून चादरी पांघरून हिंडणारी टोळीही आहे. बँकेचा पैसा, गुन्हेगार आणि खोटे भूत ही मोट मूकपटांनी तीस वर्षे आधीच बांधली होती. पीसफुल गल्चमधले भूतही असेच सोंगाचे. कीटनच्या पांढऱ्या चादरीऐवजी इथे सरदाराचा पेहराव आला, एवढेच. आज तो विनोद खटकतो. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ज्यांची भूमी घेतली त्यांच्यातल्याच एकाला बिनडोक्याचे बुजगावणे करायचे, हे त्या काळच्या स्टुडिओंना सहज सुचत होते आणि कोणी अडवतही नव्हते.

खर्चाची बाजूही आहे. कोलंबियात लघुपटांची दोन पथके होती, एक ज्यूल्स व्हाइटचे, दुसरे ह्यू मॅकॉलमचे. बर्न्ड्स मॅकॉलमकडे. १९५२ मध्ये मॅकॉलमला काढण्यात आले, बर्न्ड्सही त्याच्यामागोमाग बाहेर पडला आणि सगळे व्हाइटच्या हाती आले. त्यानंतर काटकसरीला ऊत आला. १९४७ चा काऊबॉयपट ‘आउट वेस्ट’ १९५४ मध्ये ‘पॅल्स अँड गॅल्स’ म्हणून परत आला. १९४९ चा ‘द घोस्ट टॉक्स’ – चिलखतात अडकलेल्या भुताचा – १९५६ मध्ये ‘क्रीप्स’ झाला. नवे जोडकाम काय, तर तिघे बाप आपल्या पोरांना झोपताना ही गोष्ट सांगतात, आणि पोरेही तेच तिघे. बाकी जुनेच. ‘मेरी मॅव्हरिक्स’ पाहिला की दोन्ही काळांतला फरक डोळ्यांत भरतो. बर्न्ड्सने कथा उसनी घेतली, चित्रण आपले केले.

‘क्रीप्स’ फेब्रुवारी १९५६ मध्ये आला, तेव्हा शेंप हयात नव्हता. २२ नोव्हेंबर १९५५ रोजी तो हृदयविकाराने गेला होता. कराराचे चित्रपट तर पुरे करायचे होते. तेव्हा जो पाल्मा नावाच्या नटाला शेंपचे कपडे चढवून पाठमोरा उभा केला, जुन्या दृश्यांत मिसळला आणि चार लघुपट उरकले. एकेका दृश्यावर थांबून पाहिले की जोड उघडी पडते. तोंड फिरवायची वेळ आली, की पाल्मा दाराआड जातो.

जानेवारी १९५८ मध्ये कोलंबियाच्याच स्क्रीन जेम्स या दूरचित्रवाणी कंपनीने स्टूजेसचे ७८ लघुपट दूरचित्रवाणीला विकले. स्टेशने ते हवे तसे दाखवीत: आज कर्ली, उद्या शेंप, परवा पुन्हा कर्ली. या पुनःप्रक्षेपणाचा मोबदला नटांना मिळाला नाही, पण पोरांच्या रूपाने नवे प्रेक्षक मिळाले, आणि त्या जोरावर पूर्ण लांबीचे चित्रपट. त्यातला १९६५ चा ‘द आउटलॉज इज कमिंग’ पुन्हा काऊबॉयपट निघाला. त्यातले नामचीन बंदूकबाज कोण, तर गावोगावच्या स्टेशनांवर मुलांना स्टूजेसचे जुने लघुपट दाखवणारे निवेदक. बेल स्टारची भूमिका फिलाडेल्फियाच्या सॅली स्टार यांनी केली.