गाल उलतात तेव्हा : कोडोलीची थंडी, वाग्भटाचा लेप आणि कोकमाचा गोळा

आजचा धागा राजांचा नाही, लढायांचाही नाही. थंडीत कोरड्या पडणाऱ्या चेहऱ्याचा आहे.

तुळशीचे लग्न उरकले की कोडोलीच्या परिसरातली हवा पालटते. पश्चिमेला पन्हाळ्याचे डोंगर, उत्तरेला वारणेचे खोरे. चार महिने पावसाने सर्दावलेली हवा महिन्या-दोन महिन्यांत कोरडी होते आणि नेमकी तेव्हाच उसाला तोड लागते. कारखान्याचा हंगाम व थंडीचा हंगाम इथे हातात हात घालून येतात. भल्या पहाटे फडात उतरणाऱ्याच्या गालांना वारा झोंबतो, उसाची धारदार पाती ओरखडे काढतात. गाल ताणतात, त्यांवर पांढुरकी खवले धरतात, ओठ फुटतात. आपल्याकडे याला ‘तोंड उलले’ म्हणतात. काश्मिरातल्या माणसाला ही थंडी म्हणजे थट्टाच वाटेल. पण कातडीला तापमापकाच्या आकड्याइतकाच हवेचा कोरडेपणाही छळतो.

बाटल्या आणि ट्यूब येण्यापूर्वी या उललेल्या गालांना काय लावत असत? तूप, लोणी, दुधावरची साय, तिळाचे किंवा करडईचे तेल ही उत्तरे आजीला विचारली तरी मिळतात. पण ग्रंथांत याहून नेमके काही सापडते.

‘अष्टांगहृदय’ हा वाग्भटाचा आयुर्वेदग्रंथ साधारण सातव्या शतकातला मानला जातो. त्याच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपांचा विचार आहे आणि तो ऋतुवार आहे : सहा ऋतूंचे सहा लेप. हेमंतासाठी बोराच्या बियांतला गर, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिराच्या लेपात काळे तीळ, दारुहळदीची साल, सडलेले जव. मोहरी आणि तीळ दोन्ही तेलबिया आहेत, हे ध्यानात ठेवा.

मला मात्र घटकांच्या यादीपेक्षा पुढचा नियम अधिक मोलाचा वाटतो. वाग्भट बजावतो की लेप चेहऱ्यावर वाळू देऊ नये; वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना तो आधी ओला करावा, मग उतरवावा आणि त्यानंतर तेल लावावे. लेप असताना दिवसा झोपणे, बोलणे, विस्तवाजवळ वा उन्हात बसणे, शोक करणे, रागावणे हे सारे वर्ज्य! रागाचे कलम वाचून हसू येते, पण विस्तव आणि ऊन यांची मनाई पाहिली की कारण उमगते. वाळणारा थर कातडी ताणतो व तिच्यातला ओलावा ओढून घेतो. आधी पाणी, मग त्यावर स्निग्धतेचे झाकण, हा क्रम आजचे त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. आंघोळीनंतर अंग किंचित ओले असतानाच क्रीम लावा, असे ते म्हणतात ते याचसाठी.

हा ग्रंथ आपल्या मुलुखाला परका नव्हता. त्याच्यावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रीने लिहिली. होय, तोच हेमाडपंत, ज्याचे नाव आपण फक्त दगडी देवळांना चिकटवून ठेवले आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी सिंघण यादवाने पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा पराभव केला होता. म्हणजे हेमाद्री लिहीत होता तेव्हा कोडोलीचा परिसर यादवांच्याच राज्यात होता. अर्थात दरबारी मंत्र्याची संस्कृत टीका गावच्या शेतकऱ्याने वाचली असेल, असे समजण्याचे कारण नाही. लोध्र विकत घेऊन वाटून लावायला फुरसत लागते. फडात पहाटे जाणाऱ्याला चिमूटभर घेऊन गालाला चोळता येईल असे काही हवे असते.

तसे एक द्रव्य घाटाखाली होते : कोकमाचे तेल. गोव्यात भिरंडेल, सिंधुदुर्गात मुठेल. नावाला तेल, पण थंडीत दगडासारखा घट्ट गोळा. उन्हाळ्यात कोकमाची फळे पिकली की सालीची आमसुले होतात आणि बिया उरतात. त्या उन्हात वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तरंगणारी चरबी काढून घ्यायची आणि थिजू लागली की मुठीने वळायची. ती साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून गोळा फडताळात महिनोन्महिने टिकतो आणि विस्तवाजवळ धरून किंवा तळहातावर घासून लावला की मऊ होतो. उललेल्या टाचा, ओठ, गाल, सगळ्यांना हेच.

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे ‘कोलोकियुश’ हे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात कोकमाचे फळ येते. त्याची साल सिरका करण्यासाठी पोर्तुगालला जात असल्याचेही तो नोंदवतो. पुढे १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांनी कोकमाच्या चरबीची स्वतंत्र नोंद केली. (जाता जाता : कोकमाचे शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’. अनेकांना वाटते की ते गार्सिया द ऑर्तावरून आले. तसे नाही. ते लॉरां गार्सिन या अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञावरून आले आहे. प्रश्नमंजूषेत उपयोगी पडेल.)

युरोपची वाट फार वेगळी नव्हती. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याच्या नावावर मेण, गुलाबतेल आणि पाणी घोटून केलेले मलम आहे. त्यातले पाणी कातडीवर उडून जाताना गार वाटते, म्हणून ते कोल्ड क्रीम. साधारण त्याच युगात आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू पोहोचल्या होत्या. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती त्यांतलीच. मलमाची डबी आली होती, असा दावा कोणी करू नये. पुढे १८७२ मध्ये रॉबर्ट चेसब्रो याने अमेरिकेत व्हॅसलीनचे पेटंट घेतले, तर १८८२ च्या सुमारास जर्मनीत मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून लॅनोलीन तयार झाले. लोकर म्हटली की आपल्याच जिल्ह्यातली दुसरी कोडोली आठवते, हातकणंगले तालुक्यातली पट्टणकोडोली. तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगर समाज भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतो. ही दोन गावे एक समजू नका.

आता कथेला खरे वळण मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात दोन प्रकारची क्रीम शेजारी-शेजारी उभी राहिली. एक तेलकट कोल्ड क्रीम. दुसरे लावताच दिसेनासे होणारे ‘व्हॅनिशिंग क्रीम’, ज्याला आपल्याकडे ‘स्नो’ म्हणू लागले. ते मुख्यतः पाणी आणि स्टिअरिक आम्ल यांचे, क्षार घालून घोटलेले मिश्रण. तेल जवळजवळ नाहीच. पावडर बसायला उत्तम, कोरड्या गालांना अपुरे. गंमत अशी की कोकमाच्या चरबीतही निम्म्याहून जास्त वाटा याच स्टिअरिक आम्लाचा, पण तिथे ते स्निग्ध रूपात बांधलेले असते. नाव हिमाचे, रंग पांढरा आणि जाहिरातीचा रोख गोरेपणावर. थंडीने फुटणाऱ्या गालाची गरज मागे पडली.

मुंबईच्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ यांतला सर्वांत गाजलेला. तो १९१९ चा असे सांगतात आणि सोबत कथा जोडतात : मुंबईला आलेल्या अफगाण राजाला डबीतील शुभ्र क्रीम पाहून मायदेशीचा बर्फ आठवला आणि त्याने नाव वापरायला परवानगी दिली. कथेतला राजा पुष्कळदा जहीर शाह असतो. पण जहीर शाह १९१९ मध्ये जेमतेम पाच वर्षांचा होता. तो गादीवर आला १९३३ मध्ये. अमानुल्ला म्हणावे, तर त्याची गाजलेली मुंबईभेट डिसेंबर १९२७ ची. राजा, भेट आणि १९१९ हे तीनही एकत्र बसत नाहीत. पुढच्या वेळी ही गोष्ट कोणी ठोकून दिली, तर एवढे तीन सनच पुढे ठेवा.

कोकमाचा गोळा या स्पर्धेत हरला, कारण त्याला ना सुगंध होता, ना डबी, ना राजा. त्याला चिकटलेली ओळख टाचांच्या भेगांची आणि गरिबीची. आज महागड्या क्रीमच्या वेष्टनामागे बारीक अक्षरांत घटकांची नावे छापलेली असतात. घरातली एखादी डबी उलटी करून पाहा. ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ असे काही दिसले, तर ते मुठेलच आहे.