साखळीने मोजलेले बंगळूर आणि ध्रुवावरून आलेले विमान

११ जानेवारी २०२१. पहाटे तीनच्या सुमारास एअर इंडियाचे बोइंग ७७७ बंगळूरच्या धावपट्टीवर उतरले. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिक सहकाऱ्यांनी ते सॅन फ्रान्सिस्कोहून, उत्तर ध्रुवावरून, सुमारे १७ तासांत आणले होते.

या दोन शहरांमधील लघुतम अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. मात्र तो मार्ग ध्रुवावरून जात नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो ईशान्य सैबेरियाच्या किनाऱ्याजवळून जातो. ध्रुवावरची वाट त्याहून जवळपास ४०० किलोमीटरने लांब पडते. तरीही ती निवडण्यात अर्थ असतो, कारण पॅसिफिकच्या बाजूने येताना पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे समोरून अडवतात. विमानाला अंतर जमिनीवर नव्हे, हवेत कापायचे असते.

परंतु हे १४,००० किलोमीटर मुळात मोजले कसे? कोणी फीत धरली नव्हती. पृथ्वीचा आकार ठाऊक असला की अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढता येते, आणि तो आकार ठरवण्याच्या इतिहासातले एक पान बंगळूरचेच आहे.

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर पुढच्याच वर्षी, १८०० साली, विल्यम लॅम्बटन याने बंगळूरजवळ सात मैलांहून लांब पायारेषा मोजली. साधन काय, तर शंभर फुटी पोलादी साखळी. ही साखळी मुळात चीनच्या सम्राटासाठी पाठवलेल्या भेटवस्तूंपैकी. तिथे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत भारतात पोहोचली! उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, तापमापक पाहत मोजणी करावी लागे.

१८०२ मध्ये मद्रासला नवी पायारेषा आखून तिथून त्रिकोणांची साखळी पश्चिमेकडे आणली गेली. १८०४ मध्ये जॉन वॉरन याने बंगळूरला पुन्हा प्रत्यक्ष पायारेषा मोजली. त्रिकोणांच्या गणिताने आलेली आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत सात मैलांवर फरक निघाला चार इंचांहूनही कमी. मला तरी या साऱ्या कथेत याहून विलक्षण आकडा दिसत नाही. डोंगरमाथ्यांवर निशाणे घेऊन उभे राहिलेल्या, तापाने मेलेल्या असंख्य माणसांची नावे मात्र इतिहासाने राखली नाहीत. खुद्द लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीची मापे मांडली. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या उपग्रहाधारित मापापेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी होती. जागतिक विमानवाहतुकीने हे उपग्रहाधारित माप, डब्ल्यूजीएस-८४, १ जानेवारी १९९८ पासून लागू केले.

ढोबळ हिशेब करून पाहा. त्रिज्येतील या फरकाने १४,००० किलोमीटरच्या प्रवासात दोन किलोमीटरहूनही कमी तफावत पडते. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ती कापायला लागतात आठ सेकंद.