पहाटे चारचा दिवा

नांदेड-परभणीकडच्या आपल्या मुली आता शिकायला, नोकरीला हैदराबादेत जातात. उद्या त्यांतली एखादी म्हणाली, "आई, मला क्वांटम संगणकातल्या चुका कमी करण्यावर संशोधन करायचंय," तर घरात पहिला प्रश्न ठरलेला : याचा उपयोग काय? हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात ज्यांच्या नावाची गणिताची संस्था आहे, त्या सी. आर. राव यांची हकीकत अशा वेळी आठवावी.

राव यांचा जन्म १९२० साली कर्नाटकातल्या हडगलीचा, घर तेलुगू. आई लक्ष्मीकांतम्मा रोज पहाटे चारला त्यांना उठवीत आणि अभ्यासासाठी तेलाचा दिवा लावून देत. पुढे १९४७ साली त्यांनी एक प्रकारची कोष्टकं मांडली. खत, बियाणं, पाणी अशा गोष्टींचे प्रयोग थोडेच करून जास्त माहिती कशी मिळेल, अशा प्रश्नांसाठी ती होती. १९५० साली अमेरिकेत रिचर्ड हॅमिंग यांनी यंत्रातली चूक शोधून दुरुस्त करणारे संकेत छापले. मागाहून लक्षात आलं, की राव यांची कोष्टकं आणि हे संकेत एकाच गणिताच्या दोन बाजू आहेत. आपल्या शरच्चंद्र श्रीखंडे यांनीही १९५९ मध्ये राजचंद्र बोस यांच्याबरोबर अशा संकेतांवर लेख लिहिला. क्वांटम संगणक तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

दुकानाच्या वहीत आकडा चुकला तर दुसऱ्या प्रतीशी ताडून बघता येतो. क्वांटम संगणकात ती सोय नाही. तिथल्या क्युबिटची नक्कल काढता येत नाही, आणि आत डोकावून पाहिलं की माहितीच मोडते. जराशी उष्णतासुद्धा त्याला बिघडवते. १९९५ साली पीटर शोर यांनी वाट दाखवली : एका क्युबिटची माहिती ९ क्युबिटांत वाटून ठेवायची, आणि आकडा न विचारता फक्त 'तुम्ही एकमेकांशी जुळता ना?' एवढंच तपासायचं. पुढच्याच वर्षी अँड्र्यू स्टीन यांनी हॅमिंगच्या जुन्या संकेतावरून ७ क्युबिटांची रीत काढली. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने दाखवलं, की क्युबिटांची चौकट ३ बाय ३, मग ५ बाय ५, मग ७ बाय ७ केली, तसा चुकांचा दर दर वेळी जवळजवळ निम्म्यावर आला.

आपल्या सरकारनेही २०२३ साली सुमारे ६ हजार कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. म्हणजे मुलींना या कामात वाव आहे.

त्याच २०२३ साली राव १०२ वर्षांचे होऊन गेले. त्यांच्या एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत आईचा तो दिवा आहे. लक्ष्मीकांतम्मांना त्या अभ्यासातून पुढे काय निघेल हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी दिवा लावून दिला. आपल्या लेकींसाठी एवढं आपल्यालाही करता येईल.