धावपट्टीच्या शेजारचा पेशा

जनसंपर्काच्या पेशाचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेतूनच सुरुवात करतात: आयव्ही ली, एडवर्ड बर्नेझ, वर्तमानपत्रांना पुरवलेली निवेदने. त्यामुळे या क्षेत्रात नाव काढायचे तर जीभ गोड आणि ओळखी दांडग्या हव्यात, असा समज आपल्याकडेही रुजला आहे. ॲमस्टरडॅमजवळ, स्खिपोल विमानतळाला खेटून वसलेल्या बाडहूव्हडॉर्पचा इतिहास मात्र वेगळी वंशावळ सुचवतो. मोठ्या तांत्रिक उलाढालीत ज्यांचा पैसा किंवा झोप पणाला लागते, त्यांची समजूत पटवण्याच्या गरजेतून इथे हे काम वाढले.

या गावाखालची जमीन पावणेदोनशे वर्षांपूर्वी हार्लेमरमीर या तलावाचा तळ होती. १८३६च्या वादळांत तलावाचे पाणी ॲमस्टरडॅम आणि लायडनच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा तो उपसायचे ठरले. वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात सुमारे १८,००० हेक्टरांचा तळ कोरडा केला. पण जमीन मोकळी झाली म्हणून ती लगेच कसता येते असे नाही; पहिल्या वसाहतकऱ्यांना चिखलाने आणि रोगराईने जेरीस आणले. ॲमस्टरडॅमचे कायदेपंडित याकोब पाउल आमर्सफोर्ट यांनी इथे ‘बाडहूव्ह’ ही आदर्श शेती उभारली, तिच्यावरूनच पुढे गावाला नाव मिळाले. त्यांनी वाफेचा नांगर आणला, हार्लेमरमीरच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. ही तर एका सधन जमीनदाराची स्वतःचीच जाहिरात, असे कोणी म्हणेल. असेलही. पण या जाहिरातीत खोटेपणाला वाव कमी होता. पीक आले की नाही, हे बांधावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होते.

स्खिपोलवर १९१६ साली लष्करी विमाने उतरू लागली आणि शेतांच्या शेजारी दुसरीच शाळा भरली. केएलएम या विमान कंपनीने १७ मे १९२० रोजी लंडनहून पहिले उड्डाण केले, त्यात दोन पत्रकार होते आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. हा योगायोग मानायला मी तयार नाही. १९३४च्या लंडन–मेलबर्न शर्यतीत कंपनीचे ‘उइव्हर’ हे विमान, प्रवासी घेऊनही, दुसरे आले आणि सारा देश हर्षाने वेडा झाला. इथे माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो: लोकांना जिंकले ते तमाशाने, समजावण्याने नव्हे. उत्तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात आहे. तेच विमान वाळवंटात कोसळले, आतले सातही जण गेले. विमानप्रवास सुरक्षित आहे का, या प्रश्नाला शर्यतीतला विजय उत्तर देऊ शकत नव्हता. ते अभियंत्यांनाच द्यावे लागणार होते. युद्धानंतर १९४६ साली नेदरलँड्समध्ये या पेशाची स्वतंत्र संघटना झाली, तोवर सरकारी माहिती खाते आणि शेतीसल्ल्याची यंत्रणा यांची परंपरा चांगली मुरली होती. डच जनसंपर्काला अध्यापकी वळण आहे ते त्यामुळे. काहीसे रटाळ, पण माहितीला धरून.

जेट विमाने आली आणि गोंगाटापुढे हे अध्यापकी वळण तोकडे पडले. आवाजाचे गणित शिकवले म्हणून तक्रार करणाऱ्याला झोप लागत नाही. २००६पासून माजी मंत्री हान्स आल्डर्स यांच्या मध्यस्थीखाली सरकार, विमानतळ आणि रहिवासी एका टेबलाशी बसू लागले. गावाला दुभंगणारा ए-९ महामार्ग २०१७ साली बाहेरून वळवला गेला, त्यालाही वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी लागल्या. मुळशीचे स्मरण इथे होते: १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि बुडणाऱ्या गावांना विचारण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. त्या मानाने बाडहूव्हडॉर्पकर नशीबवान. तरी टेबलाशी बसवणे हीदेखील शांत करण्याची युक्तीच, हा आक्षेप मी खोडू शकत नाही. रहिवाशांच्या बाजूने दाखल झालेल्या दाव्यात हेगच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये निकाल दिला: स्खिपोलभोवतालच्या लोकांना गोंगाटापासून पुरेसे संरक्षण देण्यात सरकार कमी पडले आहे.