तरफेची खेळणी

टेकूभोवती फिरणाऱ्या ताठ दांडीच्या म्हणजेच तरफेच्या योगाने ज्यांचे अवयव हलतात, अशी हातबनावटीची खेळणी. दोरी, खीळ आणि लाकूड, माती वा पुठ्ठा एवढ्या सामग्रीतून ती तयार होतात. पहारीने अल्प बल लावून मोठा भार हलविता येतो. या खेळण्यांत बहुधा याच्या उलट साधलेले असते. बल टेकूच्या जवळ लावल्याने ते अधिक लागते, पण हालचाल मोठी होते. उदा., बाहुलीच्या हाताला खिळीपासून १ सेंमी. अंतरावर दोरी बांधली व पंजा ६ सेंमी. अंतरावर असला, तर दोरी १ सेंमी. ओढताच पंजा सु. ६ सेंमी. सरकतो. मात्र पंजावरील भाराच्या सहापट ताण द्यावा लागतो. म्हणून असे अवयव हलके ठेवतात.

इतिहास : तरफेच्या नियमाची गणिती सिद्धता आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांनी दिली. कारागिरांना मात्र तिचा उपयोग त्यापूर्वीच अवगत होता. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत दोरीने मान हलविता येणारा मातीचा बैल मिळाला आहे. ईजिप्तमधील नवराज्यकालातील (इ. स. पू. सु. १५५०–१०७०) लाकडी मांजराचा खालचा जबडा दोरीने हलतो, ते ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे. पॅरिसमध्ये १७४७ च्या सुमारास दोरी ओढताच हातपाय उडविणाऱ्या पुठ्ठ्याच्या बाहुल्यांचे वेड प्रौढांतही पसरले होते.

रशियातील बोगोरोद्स्कोये या गावचे ऐरणीवर घाव घालणारे शेतकरी व अस्वल हे खेळणे विशेष प्रसिद्ध आहे. त्यात दोन समांतर पट्ट्या असून प्रत्येक आकृती दोन्ही पट्ट्यांना एकेका खिळीने जोडलेली असते. पट्ट्या विरुद्ध दिशांना सरकविल्या की, आकृत्या आळीपाळीने वाकतात. तेथील कोरीवकाम करणाऱ्यांनी १९१३ मध्ये सहकारी संघ स्थापिला.

महत्त्व : या खेळण्यांची यंत्रणा उघडी असते. हालचालीचे कारण मुलास डोळ्यांनी दिसते. बिघडलेले खेळणे तो स्वतः दुरुस्त करू शकतो. बंद पेटीतील विद्युत् चलित्रावर चालणाऱ्या खेळण्यात ही सोय नसते. भारतातील अशा लोकखेळण्यांची नोंद सुदर्शन खन्ना यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. पुण्यातील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञानशिक्षणात त्यांचा उपयोग केला. कारागिराचे अनुभवजन्य ज्ञान अशा रीतीने शालेय शिक्षणात आले.