गॅसलाइटिंग
‘गॅसलाइटिंग’ हा शब्द रंगभूमीवरून आला. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक 1938 चे. त्यावरच्या 1944 च्या हॉलिवूडपटात बायकोची भूमिका इन्ग्रिड बर्गमनने केली. कथेत नवरा चोरून माळ्यावर दागिने शोधतो. तिथला दिवा लागला की खालची गॅसबत्ती मंदावते. बायकोला ते दिसते. तो मात्र तिलाच भ्रमिष्ट ठरवत राहतो. 2022 मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने या शब्दाला वर्षाचा शब्द ठरवले. मराठीत हल्ली तो साध्या थापेलाही चिकटवतात, ते चूकच. ‘मी असं बोललोच नव्हतो, तुझ्याच डोक्यात काहीतरी असतं’ हे रोजचे झाले आणि ऐकणाऱ्याचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला, तरच तो लागू पडतो. अशा वेळी तारीख घालून केलेली नोंद कामी येते.