खिळे जुळवणारे हात

गेले सात-आठ महिने आई अंथरुणाला खिळून आहे. मशीन असलं तरी तिच्या चादरी आधी हाताने धुवून घ्याव्या लागतात. माझा पहाटेचा प्रार्थनेचा वेळ मोरीतच जातो. खरं सांगते, सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. नातेवाईक म्हणायचे, "सेवा करतेस, देव बघतोय." मला वाटायचं, बघत असेल, पण माझी प्रार्थना बुडतेय त्याचं काय?

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंबद्दल पुन्हा वाचायला घेतलं. शाळेत आपण शिकलो त्या विद्वान रमाबाई, संस्कृत येणाऱ्या, सभा गाजवणाऱ्या. या वेळी मात्र एका जुन्या गोष्टीपाशी अडले.

१८७४ च्या सुमाराला दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. जवळचं सगळं संपल्यावर भीक मागायला लाज वाटे, मोलमजुरी करायला अभिमान आड येई आणि पोट भरण्याचं दुसरं काही काम शिकलेलंच नव्हतं, असं रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे. घरभर विद्या होती, पण हातांना काम ठाऊक नव्हतं. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या जोगिणींचं फुलहॅममधलं काम त्यांनी पाहिलं होतं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या बायका जवळ करत होत्या. रमाबाईंच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. नुसता वाद घालून त्यांना कुणी जिंकलं नसतं, असं आपलं मला वाटतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला त्यांची जमीन होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातहूनही मुली आल्या. एवढी तोंडं नुसत्या देणग्यांवर किती दिवस जगणार? विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवण, धुलाई, तेलघाणा सुरू झाला. छापखानाही आला.

मुक्तीचं नाव निघालं की आपली मंडळी १९०५ ची आत्मिक जागृती सांगतात, रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना सांगतात. मोटेचं पाणी आणि विणकामाचे माग कुणी सांगत नाही. त्याच आवारात, त्याच मुली दोन्ही करत होत्या!

अर्थात दुसऱ्यांच्या कष्टांना पवित्र म्हणणं सोपं असतं, हेही कळतं. दुष्काळातून वाचलेल्या दहा वर्षांच्या पोरीला काम नको म्हणायची सोय कुठे होती? तिला ते ओझंच वाटलं असेल कधी कधी. पण रमाबाई त्यांना जे शिकवत होत्या ते स्वतःच्या आईवडिलांना मिळालं नव्हतं, हे डोळ्याआड करता येत नाही.

आणि मग बायबल. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत अख्खं शास्त्र भाषांतरित केलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. एकेक अक्षर उलटं वाचायचं, शाईने बोटं काळी. उपासमारीतून आलेल्या बायकांच्या बोटांतून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं गेलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

खिळे जुळवताना त्या वेगळी प्रार्थना करत असतील का? मला नाही वाटत. वेळ कुठे असणार!

हल्ली चादर पिळताना मीही वेगळं काही म्हणत नाही. पाणी गार असतं, बोटं बधिर होतात. आईच्या अंगाखाली कोरडी चादर सरकवली की ती एकदा डोळे उघडून बघते आणि पुन्हा मिटते.

असो. दुसरी चादर अजून बादलीत आहे.